आधी कणगी, मग कांदाचाळ

एप्रिलमधली सकाळ. बागलाणातल्या नामपूरच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. लिलाव होतो, काटा होतो, पट्टी हातात पडते. परतीच्या वाटेवर ट्रॉली रिकामी दिसते, पण नीट पाहिले तर कोपऱ्यात गव्हाचे दोन कट्टे असतात, बाजरीचा एक असतो आणि कधीकधी गाईसाठी विकत घेतलेला चाराही असतो. जमीन घरची, विहीर घरची आणि भाकरी दुकानाची.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कांदा, डाळिंब आणि हंगामाआधी येणारी अर्ली द्राक्षे यांनी बागलाणात घरे उभी केली आणि लेकरे शिकवली. कांदा सोडा आणि बाजरीकडे वळा, असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, तुमच्या शेतात धान्य किती आणि नगदी पीक किती हे कोण ठरवते? बहुतेक घरांत ते मागच्या वर्षीचा भाव ठरवतो. भाव चढला की बांधापर्यंत कांदा, पडला की पुढच्या साली डाळिंब, डाळिंबावर तेल्या रोग आला की पुन्हा कांदा. त्याऐवजी घरातली तोंडे, जमिनीचा उतार आणि विहिरीचे पाणी यांच्यावरून प्रमाण ठरवले, तर उत्पन्न फारसे न घटता धान्य घरचे होते. ते कसे जमवायचे, याची ही मांडणी.

फडाने काय शिकवले

मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षे एक पद्धत नांदली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखाली भिजणारे क्षेत्र. या क्षेत्राला थळ म्हणत आणि थळाचे तीन-चार तुकडे केलेले असत. ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एखाद्या फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरीसारखे हंगामी पीक, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा.

यात एक मोठे शहाणपण होते. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसे, ती थोडी-थोडी वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे दुष्काळही सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायचा. उसाला किती जागा द्यायची हे उसाच्या भावावरून ठरत नसे, बंधाऱ्यात पाणी किती आहे यावरून ठरत असे. आणि तिथे कुणीही धान्य पिकवताना एकटा नसे.

पुढे वर धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. आज प्रत्येकाचे पाणी वेगळे आहे आणि निर्णयही वेगळा. जुना फड जसाच्या तसा परत येणार नाही. पण पाण्याप्रमाणे पीक, दरवर्षी फेरपालट आणि शेजाऱ्याबरोबर पेरणी हे त्याचे तीन नियम पाच एकरांच्या शेतातही बसतात.

पहिला हिशेब : ताट आणि गोठा

वही उघडा. घरात मोठी माणसे चार आणि मुले दोन आहेत असे धरू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम आणि मुलाला २५० ग्रॅम धान्य लागते. म्हणजे दिवसाला दोन किलो शंभर ग्रॅम आणि वर्षाला पावणेआठ क्विंटल. पाहुणे, लग्नकार्य, सालदाराला द्यायचे धान्य आणि पाखरा-किड्यांचा वाटा धरून नऊ क्विंटल म्हणू. त्यात निम्मी बाजरी, निम्मा गहू. डाळी-कडधान्य दीड क्विंटल.

आता जागेचे पाहू. पावसाच्या पाण्यावर बाजरी एकरी पाच-सहा क्विंटल आली, तर साडेचार क्विंटलला ३५ गुंठे पुरतात. वेळेवर पेरलेला, पाण्याचा गहू एकरी १५-१६ क्विंटल येतो, म्हणून गव्हाला १२ गुंठे. हरभऱ्याला दहा गुंठे. तूर बाजरीच्या ओळींतच येते. एकूण खरिपात ३५ गुंठे आणि रब्बीत २२ गुंठे. पाच एकर म्हणजे २०० गुंठे. कणगी भरायला कुठल्याही हंगामात पूर्ण एकरही लागत नाही, हे आकडे मांडल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही.

जास्त जागा मागतो तो गोठा. एका जनावराला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा धरला, तर तीन जनावरांना वर्षाला सुमारे ६० क्विंटल होतो. वरची ३५ गुंठे बाजरी त्यातला दहा-बारा क्विंटल सरमाड देते. बाकीचा मका, गव्हाचा भुसा आणि घासाच्या तुकड्यातून उभा करायचा. म्हणून जनावरे असतील तर धान्याखालचे क्षेत्र ताटावरून काढू नका, गोठ्यावरून काढा. गोठाच नसेल तर ३५ गुंठ्यांवर थांबा.

इथे हिशेबातली एक नेहमीची चूक होते. बाजरी परवडते का, हे आपण ती विकून किती येतील यावरून ठरवतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता. सहा क्विंटलचे साडेसोळा हजार होतात आणि कांद्याच्या एकरापुढे ते किरकोळ वाटतात. पण घरात खायची बाजरी आपण विकणारच नाही. तिची किंमत दुकानातून आणताना जे पडतात त्या भावाने धरा. त्यात सरमाडाचे पैसे मिळवा, आणि खतावर, फवारणीवर, मजुरीवर जे खर्च झाले नाहीत तेही मिळवा. मग तुलना करा. कांद्याला हमीभाव नाही, हेही त्या पानावर लिहून ठेवा.

भाव आपल्या हातात नसतो हे सांगायला जुनी उदाहरणे नकोत. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये कांदा इतका पडला की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान द्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क पुरते जायला एप्रिल २०२५ उजाडले. मध्येच एप्रिल २०२३ च्या गारपिटीने बागलाणातला काढणीला आलेला कांदा झोडपला. दोन वर्षांत एवढे सगळे झाले, आणि त्यातल्या एकाही गोष्टीत शेतकऱ्याची चूक नव्हती. अशा वर्षी भरलेली कणगी हीच उधारीपासूनचा पहिला आडोसा असते.

दुसरा हिशेब : जमिनीच्या पायऱ्या

मोसम खोरे म्हणजे उतरता जिना आहे. वर साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, त्याखाली हरणबारी धरण, मग ताहाराबाद, जायखेडा, नामपूर आणि पुढे मालेगावजवळ गिरणा. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होतो. असाच जिना प्रत्येकाच्या शेतातही असतो. वरचा बरड, मधला मध्यम आणि नदी-नाल्याकाठचा काळा मळा.

उतार डोळ्याने ठरवू नका, मोजा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन काठ्या पुरतात. उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर काठ्या उभ्या करा, नळीतले पाणी समपातळीत आणा आणि दोन्ही काठ्यांवरच्या खुणांमधला फरक मोजा. फरक ३० सेंटिमीटर आला तर उतार तीन टक्के. तीन टक्क्यांपर्यंत पेरणी आडवी ठेवली की कुठलेही पीक घेता येते. तीन ते आठ टक्क्यांत बांध पक्के हवेत, बांधावर मारवेलसारखे गवत हवे आणि पीक जमीन झाकणारे हवे. आठ टक्क्यांच्या वर नांगर नेऊ नये. तिथे फळझाडे, गवत, बांबू.

उतारावर कोणते पीक घ्यावे, याची कसोटी सोपी आहे. पावसाचा थेंब आधी पानावर पडतो की मातीवर? मटकी, मूग, कुळीथ जमिनीवर पसरतात आणि थेंब झेलतात. बाजरी मुळांनी माती धरते, आणि काढणीनंतर धसकटे राहतात तीही धरतात. कांद्याची पात उभी आणि दोन ओळींमधली माती उघडी. म्हणून पावसाळी लाल कांदा उतारावर लावला, तर कांद्याबरोबर मातीही विकली जाते. तो लावायचाच असेल तर सपाट रानात, गादीवाफ्यावर लावावा.

हलक्या मुरमाड जागेत डाळिंब चांगले येते, कारण त्याला पाणी साचलेले सोसत नाही. पण बाग लावली म्हणजे ती जागा धान्यातून गेली, असे समजू नका. पहिली दोन वर्षे झाडे लहान असतात तोवर ओळींमध्ये मूग, मटकी, हरभरा घेता येतो. टोमॅटो, वांगी, भेंडी मात्र तिथे घेऊ नका. त्यांच्या मुळांवर वाढणाऱ्या सूत्रकृमी पुढे डाळिंबालाही धरतात.

तिसरा हिशेब : जागेऐवजी वेळ वाटा

समतोल म्हटले की बहुतेकांना वाटते, कांद्याचे दोन एकर कापून गव्हाला द्यायचे. ते कुणाला पटत नाही आणि पटायची गरजही नाही. वर्षात हंगाम दोन-तीन असतात. कांद्याची जागा तशीच ठेवून तिचा मोकळा वेळ धान्याला देता येतो.

उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. त्याच रानात जूनअखेर पेरलेली बाजरी ८०-९० दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर निघते. पुढे नांगरट, शेणखत आणि वाफे बांधायला दोन महिने हातात राहतात. एकाच एकरात कणगीही भरते आणि चाळही.

याचा दुसरा फायदा कांद्यालाच होतो. कांद्यावर कांदा घेत गेले की करपा आणि मुळा-कंदाच्या सडीचे रोग रानात घर करतात. मध्ये बाजरी, सोयाबीन किंवा भुईमूग आला की ती साखळी तुटते. शिवाय कांदा शेतातून निघताना मागे फारसे काही ठेवत नाही. बाजरीचे सरमाड गोठ्यात जाते आणि शेण होऊन परत रानात येते. कांद्याला पडणाऱ्या खताचा खर्च कमी करणारे पीक म्हणूनही बाजरीकडे पाहावे.

बाजरीबाबत काही नेमक्या गोष्टी. बियाणे एकरी दीड किलो पुरते. अरगट रोग टाळण्यासाठी १० लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी सोडावे, तरंगणारे काढून फेकावे, बुडालेले स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि मग पेरावे. दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर ही जोडी मध्यम रानात चालते. हलक्या रानात तुरीऐवजी मटकी. संकरित बाजरीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, पण राहुरीच्या कृषी विद्यापीठाची धनशक्ती ही सुधारित जात आहे. तिच्या दाण्यात लोह जास्त असते, आणि शेताच्या मधोमधची निवडक कणसे राखली तर पुढच्या वर्षाचे बी घरचे होते.

मका कुठल्या बाजूचा?

नामपूर बाजारात कांद्याखालोखाल दिसतो तो मका. सरकारी तक्त्यात तो धान्य आहे, पण आपल्या ताटात क्वचितच येतो. तो जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि अलीकडे इथेनॉलला. म्हणून दाणा नगदी पिकाच्या खात्यात आणि चारा गोठ्याच्या खात्यात लिहा. मका केला म्हणजे धान्य केले, असे मनाचे समाधान करून घेऊ नका. चाऱ्यासाठी मात्र मक्यासारखे पीक नाही. हिरवा असताना कापून मुरघास केला, तर एप्रिल-मेमध्ये चारा विकत आणायची वेळ टळते. २०१८ पासून महाराष्ट्रात अमेरिकन लष्करी अळी आली आहे. पोंग्यात पाहणी न करता मका वाऱ्यावर सोडायचे दिवस तेव्हापासून गेले. आणि मक्याची भूक मोठी असते. मक्यावर लगेच कांदा घ्यायचा असेल, तर शेणखत हात आखडून टाकू नका.

चौथा हिशेब : जानेवारीनंतरची विहीर

खरिपाचे प्रमाण जमीन ठरवते, रब्बीचे प्रमाण विहीर. उन्हाळ कांद्याला १० ते १५ पाळ्या लागतात, गव्हाला पाच-सहा आणि हरभऱ्याला दोन-तीन. कांद्याच्या बऱ्याच पाळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे विहीर आटत चाललेली असते तेव्हा. हरणबारीतून नदीला आवर्तन सुटले की काठच्या विहिरींना थोडी जान येते. काठापासून दूरच्या रानाने त्या भरवशावर पीक ठरवू नये.

दिवाळीनंतर एक दिवस काढा. मोटार लावून विहीर उपसा, किती तास चालली ते लिहा आणि पुन्हा तेवढे पाणी यायला किती वेळ लागला तेही लिहा. असेच जानेवारीत आणि मार्चमध्ये. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमची विहीर मार्चमध्ये किती गुंठे कांदा पोसू शकते, हे आपोआप कळते. तेवढाच कांदा लावा. उरलेल्या रानात हरभरा घ्या, तो थंडीवर आणि ओलीवर निघतो. राहुरीची विजय ही जात कमी पाण्यात तग धरणारी आहे.

गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत व्हावी. त्यापुढे दर पंधरवड्याला एकरी सुमारे एक क्विंटल उतारा घटतो. पाणी मोजकेच असेल तर निफाडच्या गहू संशोधन केंद्राची नेत्रावती निवडा, ती मर्यादित पाण्यासाठीच आहे. एकच पाणी देता येत असेल तर ते ४०-४२ दिवसांनी द्या. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. गहू तहान सोसतो, पण या वेळा चुकवलेल्या त्याला चालत नाहीत.

वरच्या डोंगरातली शेते

हरणबारीच्या वर, साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला गोष्ट निराळी आहे. तिथे पाऊस भरपूर, पण तो पडून वाहून जातो. जमीन तुकड्या-तुकड्यांची आणि उताराची. नागली, वरई, भात, कुळीथ, उडीद हे तिथले जुने अन्न. खालच्या गावांत कांद्याला भाव मिळाला की वरच्या उतारावरही कांद्याचे वाफे चढू लागतात. तिथल्या वाचकांना माझा सल्ला असा.

खाचरातला भात आणि उतारावरची नागली-वरई ही घरापुरती तरी हलवू नका. नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यात ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. बाळंतिणीला आणि वाढत्या मुलाला ते कांद्याच्या पैशातून विकत आणणे महाग पडते. नागली फेकून पेरण्याऐवजी रोप करून २०-२५ दिवसांनी ओळीत लावली तर बी कमी लागते, खुरपणी सोपी होते आणि उतारा वाढतो. नगदी पिकासाठी वेगळा, जास्तीत जास्त सपाट तुकडा ठरवा. आंबा आणि सीताफळ बांधावर, भाजीपाला घराजवळच्या वाफ्यात. आणि नागली हेच नगदी पीकही होऊ शकते. २०२५-२६ साठी तिचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, तरी खरा पैसा तिच्या पापडात आणि पिठात आहे. तो बचत गटातल्या बायांच्या हातात येतो आणि घरातच राहतो.

असा विचार आपलाच नाही. उत्तराखंडच्या गढवालमध्ये ‘बारानाजा’ नावाची पद्धत आहे. मंडुवा म्हणजे आपली नागली, तिच्यासोबत राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ अशी डझनभर पिके एकाच उतारावर, एकाच खरिपात. एक गेले तर दुसरे वाचते, आणि जमीन कधी उघडी राहत नाही. डोंगरातल्या माणसाने हिमालयात आणि सह्याद्रीत जवळजवळ एकच उत्तर शोधले आहे.

एकट्याच्या बाजरीला पाखरेच फार

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण दहा गुंठे बाजरी केली की सगळ्या शिवाराची पाखरे तिथेच उतरतात. अगदी खरे आहे. बाजरी मागे पडण्याचे कारण भाव जितके आहे, तितकेच हे एकटेपणही आहे. आजूबाजूला कांदा आणि मका, मध्ये एकट्याची बाजरी. राखण परवडत नाही, मळणीयंत्रवाला एवढ्याशा तुकड्यासाठी येत नाही, आणि आला तर भाडे दाण्यापेक्षा जास्त सांगतो.

इथे फड पुन्हा आठवतो. बांधाला बांध लागलेल्या पाच-सहा शेतकऱ्यांनी ठरवून आपापली बाजरी एकाच पट्ट्यात आणि एकाच आठवड्यात पेरावी. पट्टा चार-पाच एकरांचा झाला की पाखरांचे नुकसान सगळ्यांत वाटले जाते आणि राखणीला पाळी लावता येते. मळणीयंत्र एका दिवसात सगळ्यांचे काम उरकते. गव्हालाही हाच नियम लागू. पुढच्या वर्षी पट्टा सरकवायचा, म्हणजे प्रत्येकाच्या कांद्याच्या रानाला फेरपालट मिळते. यासाठी संस्था, नोंदणी, अनुदान काही लागत नाही. रोहिणी नक्षत्र लागले की पारावर एक बैठक, एवढेच.

पाच एकरांचा एक नमुना

हे सगळे एका शेतात बसवून पाहू. वरचा दीड एकर मुरमाड, मधला दोन एकर मध्यम, खालचा दीड एकर काळा.

वरच्या भागात एक एकर डाळिंब, त्यात पहिली दोन वर्षे मूग किंवा मटकी. उरलेल्या अर्ध्या एकरात खरिपाला बाजरी आणि मटकी. रब्बीत ती जागा पड ठेवा, तिथे पाणी ओतू नका.

मधल्या भागाचे दोन एकरांचे दोन तुकडे करा. खरिपात एकात बाजरी-तूर आणि दुसऱ्यात मका. रब्बीत पहिल्या तुकड्यात उन्हाळ कांदा. तुरीच्या ओळी डिसेंबरपर्यंत उभ्या राहतात. त्या कांद्याच्या आड येत असतील, तर तूर बांधाकडेच्या ओळींत ठेवा. दुसऱ्या तुकड्यात मक्यानंतर १५ गुंठे हरभरा, बाकीच्या जागेत ओल असेल तर चाऱ्याची ज्वारी. पुढच्या वर्षी तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे एका रानात कांदा वर्षाआड येईल.

खालच्या दीड एकरात खरिपात एक एकर सोयाबीन, उरलेल्या अर्ध्या एकरात हिरवा चारा. रब्बीत ४० गुंठे कांदा, १५ गुंठे गहू आणि पाच गुंठे घास. गव्हाचा तुकडा दरवर्षी सरकवा. कांद्याच्या रोपाला एकरी दोन गुंठे गादीवाफे लागतात, ती जागा विहिरीजवळ धरा.

आता बेरीज करा. बाजरी दीड एकर, गहू आणि हरभरा मिळून ३० गुंठे, शिवाय तूर, मटकी, चारा. आणि नगदी? डाळिंब एक एकर, उन्हाळ कांदा दोन एकर, मका एक एकर, सोयाबीन एक एकर. कांद्याचा एक गुंठाही कमी झालेला नाही. धान्याने घेतला तो कांद्याच्या रानाचा खरीप आणि विहिरीला न झेपणारा रब्बी. विहीर कमी असेल तर कांदा दीडवर आणा आणि हरभरा वाढवा. जनावरे नसतील तर अर्ध्या एकर बाजरीऐवजी भुईमूग पेरा. नमुना हलवता येतो, क्रम हलवू नका. आधी ताट-गोठा, मग उतार, मग पाणी आणि शेवटी भाव.

कागद आणि कणगी

मिश्र पीक घेणाऱ्याने ई-पीक पाहणीत सगळ्या पिकांची नोंद करावी, आंतरपीकसुद्धा. २०२३ च्या कांदा अनुदानाच्या वेळी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसल्याने अनेकांची धावपळ झाली, ते विसरू नका. पीक विम्याचे एक रुपयाचे दिवस २०२५ च्या खरिपापासून संपले. आता शेतकऱ्याचा हप्ता खरीप पिकांना विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के आहे. आपल्या महसूल मंडळात कोणती पिके अधिसूचित आहेत हे आधी विचारा, मग अर्ज भरा.

आणि पिकवलेले धान्य टिकवा. बाजरी, गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून थंड झाल्यावरच कोठीत भरावा. दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. कोठी जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. हरभऱ्याला भुंगा लवकर लागतो, त्याची डाळ करून ठेवणे बरे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून दळण आठवड्यापुरतेच काढा.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेताचे साल बदलते. सालदाराचा जुना हिशेब मिटतो, नवा बोलला जातो. त्याच संध्याकाळी त्याच वहीत पुढच्या पानावर चार ओळी लिहा : तोंडे किती, जनावरे किती, विहीर मार्चमध्ये किती तास चालली, आणि बाजरीचा पट्टा यंदा कुणाकुणाच्या बांधाला. कांद्याचे बी सांगायला दुकानात जाल, तेव्हा हे पान खिशात असू द्या. दुकानदार मागच्या वर्षीचा भाव सांगेल, किती एकरांचे बी देऊ म्हणून विचारेल. त्याला द्यायचा आकडा तुमच्या खिशात आधीच लिहिलेला असेल.